मौद्याच्या दुधाचा रिकोटा

रिकोटा विकत आणण्यापेक्षा घरी करावा, आणि मौद्यासारख्या गावात तर घरीच करावा, असं माझं ठाम मत आहे. नागपूरच्या मोठ्या दुकानांत या मऊ इटालियन चीजचा डबा कधी मिळतो, कधी मिळत नाही. मिळाला तरी महाग असतो, आणि भंडारा रोडने मौद्यापर्यंत आणेस्तोवर उन्हाळ्यात त्याचा गारवा टिकत नाही. इकडे तालुक्यातल्या गावांमध्ये पहाटे काढलेलं दूध सकाळच्या चहाला दारात हजर असतं. रिकोट्याची जवळजवळ सगळी चव दुधाच्या ताजेपणात आहे. इटलीतही ज्या दिवशी केला त्याच दिवशी, जमलं तर कोमट असतानाच, तो खाण्याची आवड आहे. म्हणजे या एका पदार्थापुरतं तरी गवळ्याच्या दुधावर चालणारं घर महानगरातल्या महागड्या दुकानाच्या पुढे आहे. या लाभाचा उपयोग करून घ्यायला हवा.

आधी एक गैरसमज दूर करू. रिकोटा हा मुळात चीज करून उरलेल्या पाण्यातून निघणारा पदार्थ आहे, हे बरोबर. ते ऐकून अनेक जणी पनीर केल्यावर उरलेलं हिरवट पाणी पुन्हा उकळतात आणि वर काही येण्याची वाट बघतात. हाती लागतो तो चिमूटभर गाळ. यात त्यांचं काही चुकलेलं नसतं, पाण्यातच काही शिल्लक नसतं. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन आणि २० टक्के पाण्यात विरघळलेली, म्हणजे व्हे प्रथिनं असतात. इटलीत मेंढीचं किंवा गाईचं दूध न उकळता, कोमट असतानाच, रेनेट हे विकर घालून गोठवतात. तेव्हा केसीनचं चीज होतं आणि ही २० टक्के प्रथिनं पाण्यात जशीच्या तशी राहतात. ते पाणी मग ८०-९० अंशांपर्यंत तापवलं की ती गोठून वर तरंगतात, तोच खरा रिकोटा. आपण पनीर करताना दूध आधीच उकळतो. उकळताना ही प्रथिनं केसीनला चिकटतात आणि लिंबू पिळल्यावर त्याच्याबरोबर पनीरमध्येच जातात. चक्का टांगल्यावर गळणाऱ्या पाण्याचंही तेच, कारण दही उकळलेल्या दुधाचंच लावतो.

तेव्हा घरी करायचा तो अख्ख्या दुधाचा रिकोटा. जगभरच्या घरगुती स्वयंपाकघरांत आज हाच करतात आणि पाककृतींत तो बिनदिक्कत चालतो. मग त्यात आणि पनीरमध्ये फरक काय, असा प्रश्न येईल. सामान एकच आहे. फरक आहे आंबटाच्या मापात, आचेत आणि हातात. पनीरला आपण भरपूर आंबट घालतो, ढवळतो, पिळतो, वजनाखाली दाबतो. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार पनीरमध्ये पाणी ६० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. रिकोट्यात ते सत्तरच्या पुढे असतं, आणि ते पाणी दाण्यांच्या आत धरून ठेवणं हीच सगळी कला.

दूध म्हशीचं असेल तर उत्तम. विदर्भातल्या म्हशीच्या दुधाला स्निग्धांश चांगला असतो, आणि इटलीतही कंपानिया भागात म्हशीच्या दुधाचा रिकोटा मानाचा समजला जातो. २०१० साली युरोपीय संघाने तिथल्या म्हशीच्या रिकोट्याच्या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. गाईच्या दुधाचा रिकोटा जरा हलका, पिवळसर आणि गोडसर होतो. भरण्यासाठी म्हशीचा आणि नुसता खायला गाईचा मला जास्त आवडतो. पिशवीचं दूध घ्यायचं झालं तर ६ टक्के स्निग्धांशाचं फुल क्रीम घ्या. टोन्ड दुधाचा रिकोटा कोरडा, खरखरीत होतो. जे दूध खोक्यातून येतं आणि महिनोन्‌महिने बाहेर टिकतं, ते अतिशय जास्त तापवलेलं असल्याने त्याचे दाणे नीट धरत नाहीत, ते टाळा. एप्रिल-मेमध्ये एक काळजी घ्या: दुपारचं दूध दारात येईपर्यंतच किंचित आंबायला लागलेलं असतं आणि तापवतानाच फाटतं. त्याचं पनीर होईल, रिकोटा होणार नाही. उन्हाळ्यात सकाळचंच दूध वापरा.

आता कृती. दोन लिटर दुधासाठी जाड बुडाचा मोठा गंज घ्या. आधी त्यात अर्धी वाटी पाणी फिरवून ओता, म्हणजे दूध बुडाला लागत नाही. दूध आणि एक लहान चमचा मीठ घालून मध्यम आचेवर ठेवा, अधूनमधून बुडापासून ढवळत राहा. लक्ष्य ८५ ते ९० अंश सेल्सियस. तापमापक नसला तरी अडत नाही: कडेला बारीक फेस धरतो, वाफ सरळ वर जाऊ लागते, पृष्ठभाग थरथरतो आणि दूध वर येण्याच्या बेतात असतं, तो क्षण. दूध थेट गोठ्यातलं, न तापवलेलं असेल तर त्याला एकदा पूर्ण उकळी येऊ द्या आणि मग दोन मिनिटं निवू द्या. कच्च्या दुधात जंतूंचा धोका असतो, तिथे तडजोड नको.

गॅस बंद करा. लिंबाचा गाळलेला रस किंवा साधा पांढरा व्हिनेगर, लिटरला दीड ते दोन मोठे चमचे, म्हणजे दोन लिटरला तीन ते चार, एका वाटीत तयार ठेवलेला असू द्या. आपली कागदी लिंबं चांगलीच आंबट असतात, म्हणून तीन चमच्यांपासून सुरुवात करा. रस एका जागी न ओतता गंजभर शिंपडल्यासारखा घाला, झाऱ्याने दोन-तीन वेळा हळूच फिरवा आणि हात मागे घ्या. मिनिटभरात दूध फाटू लागेल. पाणी अजून दुधाळ दिसत असेल तर आणखी अर्धा चमचा रस घाला, पुन्हा एकदाच फिरवा. पाणी पिवळसर-हिरवट, स्वच्छ दिसलं की थांबा. मग झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटं गंजाला हातही लावू नका. आपल्याला ढवळत राहायची सवय असते आणि रिकोटा नेमका तिथे बिघडतो. नुकते धरलेले दाणे नाजूक असतात, ढवळलं की त्यांच्यातलं पाणी सुटतं आणि ते रवाळ होतात.

या वेळात चाळणीत ओलं मलमलचं फडकं पसरा. गंज चाळणीवर एकदम उपडा करू नका. झाऱ्याने वरचे दाणे उचलून फडक्यावर अलगद ठेवत जा, तळाचं थोडं शेवटी ओता. फडकं पिळायचं नाही, दाबायचं नाही. किती वेळ निथळू द्यायचं हे कशासाठी हवा त्यावर ठरवा. पाच-दहा मिनिटांत तो पळीवाढा असतो, भाकरीवर किंवा पास्त्यात घालायला तोच बरा. अर्ध्या-पाऊण तासात मऊ गोळा होतो, तो सारणाला. गोडात किंवा भट्टीत भाजायच्या पदार्थात घालायचा असेल तर फ्रिजमध्ये रात्रभर निथळत ठेवा. म्हशीच्या एक लिटर दुधातून पावशेराच्या आसपास रिकोटा निघतो, गाईच्या दुधातून त्याहून थोडा कमी. शेवटी चाखून बघा. जिभेवर रवाळ वाटला तर बहुधा आंबट जास्त झालं किंवा दूध खळखळून उकळलं. आंबट चव राहिली असेल तर पुढच्या वेळी अर्धा चमचा रस कमी. फार कोरडा झालेला रिकोटा वाचवता येतो: दोन चमचे दूध किंवा ताजी साय घालून हलक्या हाताने फेटा.

टिकण्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. ओलावा भरपूर आणि आंबटपणा कमी, म्हणून हा पदार्थ चक्क्यासारखा टिकत नाही. झाकणाच्या काचेच्या डब्यात, फ्रिजच्या आतल्या बाजूला, तीन दिवस, त्यापुढे नाही. पारा ४५ च्या पुढे जातो त्या दिवसांत तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका, आणि वीज बराच वेळ गेली असेल तर त्याच दिवशी शिजवून संपवा. आंबूस वास, बुळबुळीत पृष्ठभाग किंवा गुलाबी छटा दिसली तर चव घेऊन खात्री करायला जाऊ नका, फेकून द्या. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुलांना त्याच दिवशीचा, नीट उकळलेल्या दुधाचाच द्या. इटलीत मीठ लावून, दाबून, महिनाभराहून अधिक वाळवलेला रिकोटाही असतो. आपल्या उष्णतेत आणि पावसाळी दमटपणात तो घरी करू नये.

आता खाण्याकडे वळू. पहिल्यांदा केलात तर त्यातला निम्मा साधाच खा: गरम ज्वारीच्या भाकरीवर जाड थर, वर चिमूट मीठ, ताजी मिरपूड आणि जवसाची किंवा लसणाची कोरडी चटणी. मुलांना मध किंवा काकवी घालून द्या. याची चव बोलकी नसते, सौम्य आणि दुधाळ असते. त्यामुळे त्याच्या शेजारी तिखट, आंबट, खमंग असं काहीतरी एकच हवं. तीन-चार गोष्टी एकदम घातल्या की रिकोटा हरवतो.

पास्त्याचा सॉस म्हणून तो सर्वांत सोपा. पास्ता शिजताना वाटीभर रिकोटा मोठ्या भांड्यात घ्या, त्यात पास्त्याचं गरम खारट पाणी पळीभर घालून फेटा, मीठ, मिरी, किसलेलं लिंबाचं साल, आणि गरम पास्ता त्यावर टाकून कालवा. आचेवर उकळायचं नाही, उकळला की पुन्हा दाणे सुटतात. सिसिलीत कातानिया शहराचा एक प्रसिद्ध पास्ता आहे: तळलेली वांगी, टोमॅटो आणि वर किसलेला खारट रिकोटा. तिथल्या संगीतकार बेलिनीच्या ‘नॉर्मा’ या ऑपेराचं नाव त्याला आहे. वांगं आणि रिकोटा यांचं जमतं ही खात्री तिथल्या लोकांनी केव्हाच करून ठेवली आहे, तेव्हा आपल्या भाजलेल्या वांग्याच्या भरितावर, वाढताना, निथळलेला खारवलेला रिकोटा कुस्करून घालायला कचरू नका. भरितात मिसळू नका, वरच राहू द्या.

सारणाच्या कामात त्याला तोड नाही. इटलीतली नेहमीची जोडी पालक आणि रिकोटा. पालकाची एक जुडी मिनिटभर उकळत्या पाण्यात, मग गार पाण्यात, आणि मग अगदी कोरडा होईपर्यंत पिळून बारीक चिरा. पावशेर रिकोटा, मीठ, मिरी आणि किसलेलं जायफळ. जायफळ वगळू नका. आपण ते श्रीखंडात, पुरणात घालतो, इटलीत ते याच सारणात घालतात, आणि दोन्हीकडे ते जडपणा कापतं. हे सारण पराठ्यात भरता येतं, पण मला ते चकोल्यांच्या वाटेने न्यायला जास्त आवडतं. विदर्भात वरणात शिजवायच्या चकोल्यांसाठी कणीक घट्ट भिजवून पातळ लाटायचा सराव घरोघरी आहे, रॅव्हिओलीला याहून वेगळं कौशल्य लागत नाही. कणकेत मूठभर बारीक रवा मिसळा, अर्धा तास झाकून ठेवा, पुरीएवढ्या पाऱ्या लाटा, लहान चमचाभर सारण मधोमध ठेवा, कडेला पाणी लावून करंजीसारखी दुमडा आणि आतली हवा बोटांनी बाहेर काढून कड दाबा. हवा राहिली की उकळताना फुटते. भरपूर खारट उकळत्या पाण्यात सोडा, वर तरंगल्यावर आणखी दीड-दोन मिनिटं शिजवा, निथळून तुपात तडतडलेल्या कढीपत्त्यात आणि लसणात परता. पातळ आंबट वरणात सोडल्या तरी छान लागतात.

आमच्याकडे मौद्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत बऱ्याच घरी ओव्हन आहेत, तिथे लाझान्या करायचा असेल तर हाच सारणाचा रिकोटा टोमॅटो सॉस आणि पापुद्र्यांमध्ये थर लावून घाला. व्हाइट सॉसचा खटाटोप वाचतो.

जिथे घालू नये त्या जागाही सांगते. सावजी रश्श्यात किंवा कुठल्याही उकळत्या तर्रीत रिकोटा टाकला की तो विरघळत नाही आणि अखंडही राहत नाही, नुसती फाटलेल्या दुधासारखी कणी दिसते. तिथे पनीरच हवं. सांबारवडीच्या सारणात घालायचा मोह होतो, कोथिंबीर, खोबरं, खसखशीबरोबर चव जुळतेही, पण ओला रिकोटा गरम तेलात वडी फोडतो आणि तेल अंगावर उडतं. घालायचाच तर रात्रभर निथळलेला, भाजलेल्या बेसनात कालवून, आणि अगदी थोडा. रसगुल्ल्यालाही हा चालत नाही, त्याला मळून घट्ट केलेला छेना लागतो. आणि तिरामिसूच्या कृतीत मस्कारपोने लिहिलेलं असेल तर तो वेगळा पदार्थ आहे. तो दुधाचा नाही, सायीचा, फार स्निग्ध. रिकोटा गाळून, गोड क्रीममध्ये फेटून वेळ मारून नेता येते, पण गोडाची जात बदलते.

गोडाचा विषय निघाला की नागपूरकरांनी कान द्यावा. सिसिलीच्या मिठायांत रिकोटा आणि संत्र्याचं साल ही जोडी फार जुनी आहे. तिथल्या कसाता नावाच्या केकमध्ये गोड रिकोट्याचा थर आणि पाकवलेलं संत्रं असतं, आणि कान्नोली या तळलेल्या नळ्यांतही हाच रिकोटा भरतात. आणि संत्रं तर आपल्या अंगणातलं, नागपुरी संत्र्याला २०१४ पासून भौगोलिक मानांकनही आहे. रात्रभर निथळलेला पावशेर रिकोटा बारीक चाळणीतून चमच्याने दाबून काढा, हा कंटाळा करू नका, मऊपणा यातूनच येतो. तीन-चार मोठे चमचे पिठीसाखर आणि एका संत्र्याच्या सालाचा कीस घालून फेटा. संत्रं आधी कोमट पाण्याने घासून धुवा, सालावर फवारणीचा किंवा मेणाचा थर असू शकतो. किसताना फक्त वरचा रंगीत भाग घ्या, पांढरा भाग कडू असतो. नागपुरी संत्र्याचं साल सैल असल्याने ते सोलल्यावर किसणीवर नीट धरत नाही, म्हणून अख्ख्या फळावरच किसून मग सोला. हे सारण करंजीच्या पारीच्या तळलेल्या पोकळ वाट्यांमध्ये भरा, पण खायच्या वेळीच. आधी भरून ठेवलं की खुसखुशीतपणा जातो. सिसिलीतले चांगले मिठाईवालेही नळी गिऱ्हाईक समोर आल्यावरच भरतात.

नेपल्समध्ये ईस्टरला पास्तिएरा नावाचा गोड पाय करतात: शिजवलेले अख्खे गहू, रिकोटा, अंडी, संत्र्याच्या फुलांचं सुगंधी पाणी आणि पाकवलेली सालं. मृग बहाराचं संत्रं फेब्रुवारी-मार्चला येतं, म्हणजे ईस्टर जवळ आलेला असतो, तेव्हा त्यांच्या या पदार्थाला आपल्या गव्हाच्या खिरीत उतरवून बघा. वाटीभर गहू रात्रभर भिजवून, जरा कांडून, कुकरमध्ये अगदी मऊ शिजवा. त्यात पाऊण वाटी गूळ, चिमूट मीठ आणि जायफळ घालून आटू द्या. गुळाची खीर करताना दूध फाटण्याची जी धास्ती असते, ती इथे नाही, कारण आपण दूध आधीच फाडलेलं आहे. खीर कोमट झाली की वाटीभर रिकोटा आणि संत्र्याच्या सालाचा कीस हलक्या हाताने मिसळा, तासभर गार करा. अंड्याची, ओव्हनची गरज नाही.

शाकाहारी घरांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: लिंबाच्या रिकोट्यात रेनेट नसतं, त्यामुळे तो निर्धास्त खावा. इटालियन पाककृतीत त्याच्या जोडीला जे कडक चीज सांगतात, त्यातलं पार्मिजानो रेज्जानो मात्र वासराच्या जठरातल्या रेनेटने गोठवलेलं असतं. आयात डब्यावरचा हिरवा ठिपका बघा, किंवा त्याऐवजी भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट आणि मीठ भुरभुरा. चव वेगळी येते, पण खमंगपणाची जागा भरते.

दोन लिटर दुधातून दीड लिटरच्या आसपास पाणी उरतं, ते ओतून देऊ नका. त्यात दुधाची साखर आणि क्षार आहेत. त्याने भिजवलेल्या कणकेच्या पोळ्या मऊ राहतात, वरण आणि कढीला ते पाण्याच्या जागी चालतं, फक्त त्यात मीठ आधीच आहे हे लक्षात ठेवा. कुंड्यांना घालू नका, मीठ आणि आंबटपणा मुळांना सोसत नाही.

बचतगट किंवा छोटा दूधधंदा चालवणाऱ्यांसाठी खऱ्या, पाण्याच्या रिकोट्याची वाट मोकळी आहे, पण ती मोझरेलापासून सुरू होते. पाश्चराइज्ड, म्हणजे ६३ अंशांवर अर्धा तास ठेवलेलं दूध रेनेटने गोठवून मोझरेला केला, की उरलेल्या गोड पाण्यात थोडं दूध मिसळून ८५-९० अंशांवर रिकोटा काढता येतो. शंभर लिटरमागे चार-पाच किलोच्या आसपास. फेकून द्यायच्या पाण्याला असं मोल येतं हे मुंबईत मौसम नारंग यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या एलेफ्थेरिया या चीज कंपनीने दाखवलं आहे. मोझरेलाच्याच उरलेल्या पाण्याला आटवून त्यांनी केलेल्या ब्रुनोस्ट या नॉर्वेच्या पद्धतीच्या चीजला जागतिक स्पर्धेत पदकं मिळाली. मौद्याहून नागपूरची हॉटेलं तासाभराच्या अंतरावर आहेत, आणि रिकोट्यासारख्या तीन दिवसांच्या मालाला जवळचं गिऱ्हाईकच परवडतं. मात्र विकायचं म्हटलं की एफएसएसएआयची नोंदणी, दुधाची रोजची तपासणी, आणि गंजापासून गिऱ्हाइकाच्या फ्रिजपर्यंत ४ अंशांची साखळी या तीन गोष्टी आधी उभ्या कराव्या लागतात. पहिला डबा त्यानंतरच भरा.